गाठीचा शेजार

काचेची भांडी धुण्याचं काम दिसतं तितकं साधं नसतं. साबणाचा अंश राहिला तर पेशी मरतात. हाताचा घाम लागला तरी मरतात. म्हणून भांडी आधी भिजत घालायची, मग ब्रशानं घासायची, मग वाहत्या पाण्याखाली धरायची आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं विसळायची. वाळली की खाकी कागदात बांधून वाफेच्या मोठ्या कुकरात ठेवायची. पौड सोडून ताम्हिणीकडे निघालं की धरणाच्या पाण्याकडे तोंड केलेल्या उतारावर एक संशोधन संस्था लागते. तिथं मी हे काम बरीच वर्षं केलं. माझं नाव गेणबा. आमची वाडी तिथून वर, हाकेच्या अंतरावर.

संस्थेच्या एका बाजूला बंगल्यांच्या प्लॉटचे सिमेंटचे खांब, दुसऱ्या बाजूला आमची भातखाचरं. शनिवार-रविवारी हिंजवडीकडच्या गाड्या पाणी बघायला येतात, भाजलेली कणसं खातात आणि दिवस मावळला की परत जातात. बाकीचे दिवस शांत. इतके शांत, की पेशी ठेवायच्या उबेच्या कपाटाची घरघर बाहेर व्हरांड्यात ऐकू येते.

दरवर्षी दिवाळीनंतर तिथं तरुण मुलं-मुली शिकायला येत. पदव्या घेतलेली, पण प्रयोगाला हात न बसलेली. कॅन्सरच्या गाठीचा अभ्यास कसा करायचा ते सुलक्षणा मॅडम त्यांना शिकवायच्या. नुसत्या गाठीचा नाही, गाठीच्या अवतीभवती जे काही असतं त्याचाही. २००७ सालच्या तुकडीतले दोघं माझ्याशी जास्त बोलायचे. अमोघ हिंजवडीच्या कंपनीतली नोकरी सोडून आला होता. फोटोतल्या पेशी कॉम्प्युटरनं ओळखायचं त्याला शिकायचं होतं. तो म्हणायचा, "काका, तिकडं मी ट्रॅफिक सुटायची वाट बघत बसायचो, इथं पेशी वाढायची वाट बघत बसतो. बसणं काही सुटत नाही."

दुसरी जुईली, परभणीची. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या धुण्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "काका, तुमच्या डब्यात ठेचा आहे ना? वास येतोय."

मेसचं जेवण तिला सपक लागायचं. मग रोज दुपारी ती माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाऊ लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठेचा खायची आणि वर बिनसाखरेचा चहा प्यायची. मला ते बघून बरं वाटायचं. माझी कोंडाही तशीच होती.

कोंडाबाई माझी बायको. आदल्या वर्षी गेली. तिला काखेजवळ, छातीच्या कडेला गाठ झाली होती. मॅडमनीच पुण्यातल्या इस्पितळात ओळख काढून ऑपरेशन करवलं. ऑपरेशनच्या आधी त्या तिच्या कॉटवर बसल्या आणि म्हणाल्या, काढलेल्या गाठीचा तुकडा आणि तिच्या कडेचं थोडं मांस शिकणाऱ्या मुलांसाठी द्याल का?

कोंडा म्हणाली, "न्या की समदी. मला काय तिची भाजी करायचीय?"

मॅडम हसल्या आणि मग खिडकीकडे बघत राहिल्या. कागदावर कोंडानं अंगठा केला, खाली मी सही केली. पन्नाशी उलटल्यावर मी साक्षरता वर्गात वाचायला शिकलो, तेव्हापासून कोंडा मला मास्तर म्हणायची. मी पेपर उघडला की कुठूनही आवाज यायचा, "मास्तर, आज काय छापलंय आमच्यासाठी?" सहीची शाई वाळेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. पण तेव्हा ती काही म्हणाली नाही.

गाठ काढूनही ती वर्षभरात गेली. शेवटी शेवटी तिला ताट संपायचं नाही. तिचं उरलेलं उष्टं मीच खायचो. टाकवत नव्हतं.

मुलांचा वर्ग चालू असताना मी वापरलेली भांडी गोळा करायला खोलीत जायचो. त्यामुळे मॅडमचं बोलणं कानावर पडायचं. एकदा त्या फळ्यावर गोल काढून सांगत होत्या.

"समजा, गावात एक घर बिघडलं. ते घर एकटं काही करू शकत नाही. पण शेजारची घरं त्याला पाणी देतात, वाट देतात, स्वतःची भिंत मागं घेऊन जागा करून देतात. हे शेजारी मुळात वाईट नसतात. त्याच्या सहवासात तसे होतात. आजवर सगळ्यांनी त्या घराचाच अभ्यास केला. तुम्ही शेजाराचा करायचा आहे."

जुईलीनं हात वर केला. "मॅडम, गाठ काढून टाकली तर शेजारी परत पहिल्यासारखे होतात?"

"कधी होतात. कधी तसेच राहतात. कुणी नसतानाही जागा करत राहतात."

पेशींना एक गुलाबी पाणी घालतात. तेच त्यांचं अन्न. पेशींनी ते खाल्लं की ते पिवळं पडत जातं. एका बशीतलं असं वापरलेलं पाणी काढून, गाळून दुसऱ्या बशीत घातलं, तर दुसऱ्या बशीतल्या पेशी अशा वागतात की जणू पहिल्या त्यांच्या शेजारीच बसल्या आहेत. गाठ तिथं नसते, पण गाठीशेजारी वागावं तसं त्या वागतात. अमोघनं त्याला उष्टं पाणी असं नाव दिलं. मॅडम रागावल्या, पण नाव पडलं ते पडलंच.

त्या वर्षी मुलांना सरावासाठी कोंडाच्या गाठीतल्या, ऑपरेशनपासून गोठवून ठेवलेल्या पेशी द्यायचं ठरलं. गाठीच्या पेशी आणि तिच्या कडेच्या, म्हणजे शेजारच्या पेशी, एकाच भांड्यात. मॅडमनी मला आधी विचारलं. मी म्हणालो, "द्या की. तिनंच दिल्यात." प्रत्येकाला एकेक चपटी काचेची बाटली मिळाली. त्या बाटल्या मीच धुतल्या होत्या.

पौष लागेपर्यंत सगळ्यांच्या पेशी मेल्या. कुणाच्या बाटलीत बुरशी धरली, कुणी पाणी बदलायला विसरलं. जुईलीच्या तेवढ्या जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, एकमेकींवर चढून वाढायला लागल्या. सकाळी घातलेलं गुलाबी पाणी संध्याकाळी पिवळं व्हायचं. मॅडम खूश होत्या. जुईली मला मायक्रोस्कोपमधून दाखवायची. मला ओढ्यातल्या माशांच्या पिल्लांसारखं काहीतरी दिसायचं, सगळी एकाच दिशेला तोंड करून.

"काका, ह्या काकू आहेत ना?" तिला मॅडमनी सांगितलं होतं.

"व्हय," मी म्हणालो.

संक्रांतीला मेसमध्ये तिळगूळ वाटला. जुईलीनं एक वडी घेतली, मग आणखी एक, मग ताटलीच जवळ ओढली. अमोघ म्हणाला, "अगं, गोड बोलायला सांगितलंय, ताटली संपवायला नाही." सगळे हसले. ती हसली नाही. ती चावत नव्हती. एकेक वडी गालात धरून चोखत होती आणि तोंडातली संपायच्या आत दुसरी उचलत होती.

त्यानंतर तिनं ठेचा सोडला. माझ्या डब्यातली कोरडी भाकरी मात्र घ्यायची, आणि सोबत गूळ. प्रयोगशाळेत काही खायला बंदी असते, तरी तिच्या पांढऱ्या ॲप्रनच्या खिशात गुळाचा खडा असायचा. मी भांडी न्यायला गेलो की तिचा गाल फुगलेला दिसायचा.

कोंडानं जन्मभर गोडाला हात लावला नाही. पण आजारपणात तिच्या पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधलेला असायचा. मला त्याची आठवण झाली. तेवढंच.

मग एका दुपारी मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. बाक लांब होता, मी एका टोकाला, बाकी सगळा मोकळा. जुईली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"सरका की जरा."

मी सरकलो. ती मला चिकटून बसली.

"आजून."

माझा अर्धा देह बाकाबाहेर आला. तिच्या पलीकडे चार माणसं बसतील एवढी जागा होती. आवाज परभणीच्या मुलीचाच होता. बोलण्याची ढब आमच्या वाडीची होती.

"हितं जागाच न्हाई," ती पाण्याकडे बघत म्हणाली. मग चटकन उठली, कपाळ चोळलं आणि तिच्या नेहमीच्या बोलीत विचारलं, "काका, मी काही म्हणाले का?"

कोंडा आजारपणात दिवसरात्र हेच म्हणायची. सरका की जरा. हितं जागा न्हाई. मी सरकत सरकत भिंतीला लागायचो, मग खाली जमिनीवर झोपायचो. तरी ती म्हणायची, सरका.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी आत जाऊन उबेच्या कपाटापुढे उभा राहिलो. काचेतून जुईलीची बाटली दिसत होती. कोंडा इथं आहे, एवढंच माझ्या मनात आलं, आणि कितीतरी महिन्यांनी मला घरी गेल्यासारखं वाटलं.

पुढच्या बाजाराला मी पौडहून गूळ आणला. जुईलीसाठी. कोल्हापुरी, पिवळाधमक. तो संस्थेतच, माझ्या खोलीतल्या फडताळात ठेवला.

त्याच सुमारास घरी माझी सून कल्पना कुरकुर करायला लागली. ती मला मामा म्हणते. "मामा, आवंदा गूळ लई लागतुया. डबा भरला की रिकामा. पोरं चोरून खात्यात."

"आमी न्हाई खाल्ला," थोरला नातू म्हणाला.

"मग काय मुंग्यांनी पळवला?"

मी हसलो. पोरं ती पोरं. धाकटा माझ्या अंथरुणात झोपायचा, तोही हल्ली आईकडे झोपायला लागला होता. मोठा होतोय, असं मला वाटलं.

माघ सरला. जुईलीला एका जागी बसवेना. एका स्टुलावरून दुसऱ्यावर, खिडकीपासून दारापाशी, दारातून परत आत. खोलीतली सोबतीण दुसरीकडे राहायला गेली. जुईलीनं तिची कॉट भिंतीकडे ढकलली, टेबल बाहेर काढलं, तरी तिला खोली पुरेना. चालताना उजव्या काखेखाली ती डावा तळवा धरायची, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. कोंडा आजारपणात तसाच धरायची, तो हातही मी ओळखला.

अमोघ एकदा भांडी आणून देताना म्हणाला, "काका, एक विचित्र गोष्ट सांगू? मेसमध्ये ती आली की आम्ही सगळे सरकतो. आधी ती सांगायची. आता सांगतही नाही. आपोआप सरकतो."

"थट्टा करताय व्हय?"

"थट्टा कशाला करू. काल आमच्यातला एक सरकता सरकता बाकावरून पडला. कुणी हसलं पण नाही."

ती वाळत चालली होती. ॲप्रन खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. मॅडम तिला स्वतः पुण्याला घेऊन गेल्या. सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही.

तिची आई रोज फोन करायची. ऑफिसातला फोन माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. जुईली एवढंच म्हणायची, "आई, पेशी सोडून मी येऊ शकत नाही. मी गेले तर त्यांना पाणी कोण घालणार?"

एकदा ती धुण्याच्या खोलीत आली, नळापाशी टेकली आणि स्वतःच्या आवाजात बोलली. "काका, मला झोप लागत नाही. अंगात कुणीतरी दाटीवाटीनं बसलंय, आणि त्याला जागा कमी पडतेय, असं वाटतं. तुम्हाला वेडेपणा वाटेल."

मी म्हणालो, "न्हाई ताई." आणि फडताळातून गूळ काढून दिला. तिनं माझ्या हातून घेतला. मीही सवयीनं एक तुकडा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली.

"गेणबा, गाठ कुणाची कुणाला लागत नाही. एवढ्या वर्षांत हे तुम्हीही ऐकलंय. जुईलीला काय झालंय ते मला कळत नाही. पण ती पोरगी अशीच राहिली तर पावसाळा बघणार नाही. वडील न्यायला यायला तयार आहेत, ती जायला तयार नाही. त्या पेशी जिवंत आहेत तोवर ती हलणार नाही."

मी ओले हात सदऱ्याला पुसले.

"पेशी कोंडाबाईंच्या. घरच्यांनी सांगितलं तर त्या टाकून द्याव्या लागतात, तसा नियमच आहे. तुम्ही सांगितलंत तर तिला ते ऐकावं लागेल. मी सांगितलं तर ती भांडेल." त्यांनी चष्मा काढला. "पण मी तुम्हाला भरीला घालणार नाही. तुमच्यासाठी त्या काय आहेत ते मला माहीत आहे."

"मला इचार करू द्या," मी म्हणालो.

घरी जाताना खाचरांमधून पालापाचोळा जाळून राब भाजल्याचा धूर येत होता. एका बाजूला लोकाची पोरगी होती. दुसऱ्या बाजूला माझ्या बायकोचं जे काही जिवंत उरलं होतं ते. मी विचार केला की आधी एकदा खात्री करून घ्यावी. कोंडाला विचारावं. ती म्हणाली जा, तर जाऊ द्यावं.

म्हणून दुसऱ्या दुपारी काम उरकून मी माझ्या खोलीत स्टुलावर बसलो आणि पेपर उघडला. घरी बसायचो तसा, पाय वर घेऊन. जुईली आली. दारातून खिडकीपाशी गेली, खिडकीपासून नळापाशी आली. गाल फुगलेला होता.

मी पेपरचं पान उलटलं. मोठ्यानं.

ती काही बोलली नाही.

मी मथळा वाचला, अक्षर अक्षर लावून, सुरुवातीला वाचायचो तसा. त्याला कोंडा हमखास हसायची.

जुईलीनं माझ्याकडे बघितलं.

"कोंडे," मी म्हणालो, "मी पेपर वाचतोय. तू मला काय म्हणायचीस?"

ती पेपरकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. त्या नजरेत ओळख नव्हती. राग नव्हता. मी किती जागा अडवली आहे, एवढंच ती बघत होती.

"सरका की जरा," ती म्हणाली.

मी पेपर खाली ठेवला.

गूळ शेवटच्या वर्षातला. काखेखालचा हात शेवटच्या वर्षातला. सरका, जागा न्हाई, हेही शेवटच्या वर्षातलं. त्याआधी कोंडानं माझ्याबरोबर सगळा जन्म काढला होता. भाताच्या लावणीत सगळ्यांच्या वर आवाज लावायची. कोंबड्यांना माणसासारख्या शिव्या द्यायची. मला मास्तर म्हणायची. त्यातलं काही म्हणजे काहीच इथं नव्हतं.

ही कोंडा नव्हती. हिनं कोंडाचं शेवटचं वर्षच तेवढं बघितलं होतं.

आणि मला दुसरी गोष्ट आठवली. त्या शेवटच्या वर्षात कोंडानं मला एकदाही मास्तर म्हटलं नव्हतं. सहीच्या दिवशीसुद्धा नाही. मी जिला भरवत होतो, जिच्यासाठी सरकत होतो, ती कोण होती?

मी उठून तडक मॅडमकडे गेलो.

"टाका," मी म्हणालो.

मॅडमनी जुईलीच्या वडिलांना निरोप धाडला. ते रातराणी एसटीनं निघून सकाळी आले. टाकायच्या आधी मुलांना शिकायला म्हणून मॅडमनी त्या पेशींवर रंग घालून बघायचं ठरवलं. एका रंगानं गाठीच्या पेशी दिसतात, दुसऱ्यानं शेजारच्या. खोलीत मॅडम, अमोघ, मी आणि वडिलांचा हात धरून बसलेली जुईली. वडील तिच्यापासून हळूहळू सरकत होते. त्यांना ते कळत नव्हतं.

मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग अमोघला बघायला सांगितलं.

अमोघ म्हणाला, "मॅडम, गाठीचा रंग लागलाच नाही. फक्त दुसराच लागलाय."

त्यांनी पुन्हा केलं. दुसऱ्या थेंबावर, नव्या बाटलीतला रंग घेऊन. तेच.

"काय झालं?" मी विचारलं.

मॅडम खुर्चीत बसल्या. "नवशिक्यांची नेहमीची चूक. दोन्ही पेशी एकत्र ठेवल्या की कधी कधी शेजारच्या पेशी भराभर वाढतात आणि गाठीच्या मागं पडून मरून जातात. बघणाऱ्याला वाटतं गाठच वाढतेय. मी तरी तपासायला हवं होतं."

"म्हंजे?"

"ह्या बाटलीत गाठ नाहीच, गेणबा. दिवाळीनंतर लगेचच मेली असणार. एवढे महिने इथं नुसते शेजारी होते."

"पण वागत होत्या गाठीसारख्या," अमोघ म्हणाला. "एकमेकींवर चढत होत्या. पाणी एका दिवसात संपवत होत्या."

मॅडमनी ब्लीचचा डबा पुढं ओढला.

बाटलीत ब्लीच ओतलं. पिवळं पाणी आधी फिकट झालं, मग नुसतं पाणी झालं. जुईली बघत होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं जांभई दिली.

दुपारी वडील तिला संस्थेच्या जीपनं घेऊन गेले. जीप पौडपर्यंत पोचायच्या आत ती झोपली, आणि परभणी येईपर्यंत मधे फारशी जागी झाली नाही, असं त्यांनी नंतर कळवलं. चैत्रात तिचा स्वतःचा फोन आला. आवाज खणखणीत. "काका, इथला ठेचा तुमच्यासारखा होत नाहीये. कल्पनावहिनींना विचारा ना, शेंगदाणे आधी भाजतात का?"

मला हायसं वाटलं. मी म्हणालो विचारून सांगतो. ती बाटली मी नेहमीसारखी भिजत घातली, घासली, विसळली, असंही सांगितलं. ती म्हणाली, "मला त्यातलं नीट आठवतच नाही. ते सगळं तिथंच राहिलं. गाडीत बसले आणि सुटले."

"कशातनं सुटलीस?"

"कुणास ठाऊक. काका, तुमच्या डब्याची मात्र आठवण येते."

त्या दिवशी काम थोडं होतं. मी दुपारीच घरी निघालो. डोंगरावर करवीची झुडपं वाळून काळी पडली होती. खाली धरणाचं पाणी ओसरून कडेची माती उघडी पडली होती. मॅडमचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. नुसते शेजारी. गाठ केव्हाच मेली होती.

कोंडाच्या गाठीच्या सगळ्यांत जवळ कोण राहिलं होतं?

मी चालता चालता थांबलो. तोंडात काहीतरी होतं. मी ते हातावर काढून बघितलं. गुळाचा खडा. संस्थेतल्या फडताळातला गूळ मी जुईली गेली त्याच दिवशी मुंग्या लागल्या म्हणून फेकून दिला होता.

तो खडा मी पुन्हा तोंडात टाकला, हे मला घर आल्यावर लक्षात आलं.

दारात चपला काढल्या. माझा उजवा हात सदऱ्याच्या गुंडीशी होता. डावा कुठं आहे ते मी बघितलं नाही.

आत कल्पना तव्यावर भाकरी उलटत होती. दोन्ही नातवंडं भिंतीच्या कडेनं ताटं घेऊन बसली होती. त्यांच्या शेजारी माझा पाट मांडलेला होता. सगळी भुई मोकळी होती, चांगली ऐसपैस.

"या मामा," कल्पना म्हणाली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

मी पाटाकडे गेलो. मी तोंड उघडलं नव्हतं. तोंडात गूळ होता.

पोरांनी मान वर न करता आपापली ताटं उचलली आणि भिंतीकडे सरकली.

मग आणखी थोडी.